एकलहऱ्याची चैताली आणि लिंडनरबाईंचा डबा

चैताली गायखे चालायला शिकली तीच मुळी हातात डबा घेऊन, असं मी सगळ्यांना सांगतो. तिची आई उज्वलावहिनी म्हणतात, "काहीही काय भाऊजी! चालायला आधी शिकली. डबा दुसऱ्या दिवशी दिला."

आम्ही एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत समोरासमोर राहणारी माणसं. एका घरात कढीला फोडणी बसली की चौथ्या घरातला माणूस ताट घेऊन बसतो, इतकी आमची घरं जवळ. त्यामुळे या घरातून त्या घरात डब्यांची जी वाहतूक चालते, तिच्यापुढे नाशिकचा द्वारका चौक ओस वाटावा. प्रत्येक डब्यावर मालकिणीचं नाव कोरलेलं. गायख्यांच्या डब्यांवर 'उ. शे. गायखे' असं झोकदार अक्षरांत आहे. त्यातला 'शे' म्हणजे शेखर, आमचा मित्र, कंट्रोल रूममधला ऑपरेटर. तीस वर्षं मीटरच्या काट्यांकडे बघून बघून हा माणूस आता बायकोकडेही तसाच बघतो. काटा लालमध्ये गेला की गप्प बसायचं.

या डब्यांचा कायदा एकच. आलेलं भांडं रिकामं परत जायचं नाही. लाडू आले तर वड्या जातील, वड्या आल्या तर लोणचं जाईल, काहीच नसेल तर निदान चमचाभर साखर. हा कायदा सगळेच पाळतात. उज्वलावहिनी तो राबवतात. त्याला कारण आहे. घोटीहून लग्न होऊन आल्या तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या. शेजारच्या बयाबाईंनी पुरणपोळ्या पाठवल्या, आणि या नव्या नवरीनं डबा चकचकीत घासून, पुसून, रिकामा परत दिला. बयाबाई काही बोलल्या नाहीत. फक्त पुढचं वर्षभर हळदीकुंकवाला वहिनी आल्या की त्या म्हणायच्या, "या, घोटीवाल्या. तुमच्याकडं भांडी लय स्वच्छ निघतात म्हणे." त्या वर्षात वहिनींनी जे सोसलं ते चैतालीच्या वाट्याला येऊ नये, म्हणून मुलीला अक्षरओळखीच्या आधी डबाओळख झाली.

अशी ही मुलगी दोन वर्षांपूर्वी जर्मनीत गेली. येना नावाच्या गावात ऊर्जा या विषयात शिकायला. बापानं जन्मभर कोळसा जाळला आणि मुलगी कोळसा कसा बंद करावा हे शिकायला परदेशी गेली, तरी शेखरनं हौसेनं पाठवली. सामानात घोटीचे तांदूळ पाच किलो आणि 'उ. शे. गायखे' एक, झाकणासकट.

तिथं ती एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. खाली पहिल्या मजल्यावर घरमालकीण, फ्राउ लिंडनर. फ्राउ म्हणजे तिकडच्या 'बाई'. आम्ही सगळे त्यांना लिंडनरबाईच म्हणायला लागलो. वय एक्क्याऐंशी, कणा सरळ, घड्याळ बरोबर. चैतालीला त्यांनी जीव लावला. जिन्यातला दिवा तिच्यासाठी चालू ठेवायच्या, रविवारी पावाची अर्धी लादी दाराशी ठेवायच्या.

गेल्या दिवाळीत चैतालीनं थोडे लाडू, थोडा चिवडा केला आणि आईचा डबा भरून खाली नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, "मम्मी, त्यांनी डबा परत दिला. इतका घासलाय, आपल्याकडं कधी एवढा चमकला नाही."

"बरं. आणि आत?"

"आत एक कार्ड आहे. मनापासून आभार, असं लिहिलंय."

"कार्डाखाली?"

"कार्डाखाली डबा आहे, मम्मी."

वहिनी खुर्चीत बसल्या. मी चहाला गेलो होतो, माझा चहा तिथंच थांबला. मग त्या म्हणाल्या, "बाई चांगली आहे गं. पण बिचारीला कुणी शिकवलं नाही."

इथवर सगळं गमतीचं होतं. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी लिंडनरबाई स्वतः एक मजला चढून वर आल्या. हातात पत्र्याचा जुना डबा. लाल रंग विटलेला, झाकणावर बर्फावरच्या घसरगाडीचं चित्र, एका कोपऱ्यात चांगला अंगठ्याएवढा पोचा. आत पाच तऱ्हेची ख्रिसमसची बिस्किटं, चांदण्या काय, चंद्रकोरी काय. देताना त्या एवढंच म्हणाल्या, "डबा मात्र मला ख्रिसमसच्या आधी लागेल."

"हो हो, नक्की," चैताली म्हणाली. बिस्किटं तिनं दोन दिवसांत संपवली आणि आईला चार दिवस पुरली असं सांगितलं.

तिचं शिक्षण संपलं होतं. तेवीस डिसेंबरचं विमान होतं, कायमचं घरी येण्याचं. त्याआधी डबा भरून परत करायचा, एवढंच काम. तिनं सुचवलं, "शिरा करते."

"शिरा? त्या विजेच्या शेगडीवर? आपल्या घराण्याचं नाव आहे त्यावर."

"डबा त्यांचा आहे, मम्मी. नाव कुणाचंच नाहीये त्यावर."

"नाव डब्यावर नसतं, चैतू. डब्यात असतं."

"मग इथली छान चॉकलेटं घालते."

"तिच्या गावची चॉकलेटं तिलाच? त्यापेक्षा तिचंच कार्ड तिला परत दे! तू थांब. मी पाठवते. भांडं कसं परत करतात ते कळू दे एकदा त्या देशाला."

तीन डिसेंबरला नाशिकरोडहून पार्सल सुटलं. तीन स्टीलचे डबे: चिवडा, अनारसे, शेव. फॉर्मवर 'आत काय आहे' असा रकाना होता. तिथल्या मुलीनं विचारलं, "काय लिहू, काकू?" वहिनींनी सांगितलं तसं तिनं लिहिलं: 'स्टीलचे डबे ३. भरलेले.'

सात दिवसांत पोचेल असं सांगितलं होतं. आठव्या दिवशी पार्सल जर्मनीच्या कस्टममध्ये पोचलं आणि तिथंच बसलं. भरलेले म्हणजे कशानं भरलेले, असं त्या लोकांनी विचारलं होतं. त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही.

मग शेखरनं रजिस्टर घेतलं. कंट्रोल रूममध्ये दर तासाला नोंदी करायची तीस वर्षांची सवय. मोबाइलवर पार्सलचा पत्ता बघायचा आणि लिहायचं. 'दु. २ वाजता, हालचाल नाही. दु. ३ वाजता, हालचाल नाही. दु. ४ वाजता, हालचाल नाही. चहा झाला.'

तिकडे चैतालीचे ते शेवटचे दिवस म्हणजे सुखाचे असायला हवे होते, आणि निम्मे होतेही. चौकात ख्रिसमसचा बाजार भरलेला, लाकडी टपऱ्या, खिडकीखिडकीत कागदी चांदण्या, गरम भाजलेले बदाम साखरेत घोळवलेले, संध्याकाळी चारलाच अंधार आणि अंधारात गाणारी मुलं. बर्फावर घसरायच्या खेळात ती तीनदा आपटली आणि तिन्ही वेळचे फोटो तिनं आम्हाला पाठवले. मसाला घालून उकळलेला गरम द्राक्षरसही ती प्यायली. तो बिनदारूचा होता असं तिनं विचारायच्या आधीच सांगितलं, त्यावरून वहिनींना जे समजायचं ते समजलं. पण घरी आलं की कपाटावर तो लाल डबा बसलेला. रिकामा. "काका," ती मला म्हणाली, "तो माझ्याकडं बघतो हो."

कारण खालच्या मजल्यावर हवा बदलली होती. पंधरा तारखेला लिंडनरबाईंनी जिन्यात विचारलं, "बिस्किटं आवडली का?"

"खूपच!"

"संपली असतील."

"संपली ना!"

"अच्छा," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. चैतालीला कळत होतं त्या कशासाठी थांबल्यात. पण रिकामा डबा आणून हातात ठेवायचा? पायच उचलेना. "लवकरच देते," ती पुटपुटली आणि वर पळाली.

त्या रविवारी दाराशी पाव नव्हता. जिन्यातला दिवा बंद. एकोणीस तारखेला जिन्यातल्या फळ्यावर सुबक अक्षरांत सूचना लागली: 'उसनवार नेलेल्या वस्तू कृपया सणापूर्वी परत कराव्यात.' नाव कुणाचं नाही. इमारतीत बिऱ्हाडं चार, त्यातलं एक सुट्टीला गेलेलं आणि एक कायम ड्यूटीवर असणाऱ्या नर्सचं.

"मम्मी, त्यांना वाटतंय मी डबा लाटला. मी तसाच देऊन टाकते."

"तीन आठवडे ठेवून घ्यायचा आणि मग रिकामा द्यायचा? त्यापेक्षा तू तो पहिल्या दिवशी दिला असतास तरी बरं होतं! आज सुटेल पार्सल. पप्पांनी कस्टमवाल्यांना मेल केलाय. अनारसे म्हणजे काय ते दीड पान लिहून दिलंय."

आणि खरंच, बावीस तारखेला शेखरच्या रजिस्टरमध्ये लाल शाईनं नोंद झाली: 'सुटलं!' उद्या सकाळी घरपोच.

त्याच संध्याकाळी, चैताली स्वयंपाकघर घासून रिकामं करत होती तेव्हा वरच्या मजल्यावरची नर्स निरोप घ्यायला आली. तिची नजर कपाटावर गेली. "हा तुझ्याकडं आहे?" ती म्हणाली. "अगं, बाई दोन दिवस घरभर हा शोधतायत असं मला वाटलं. मग म्हणाल्या, नाही, मीच दिलाय, आता मागू कशी." आणि तिनं सांगितलं ते असं. डबा लिंडनरबाईंच्या आईचा. त्यांची थोरली बहीण हॅम्बुर्गहून दर तेवीस डिसेंबरला दुपारी बारा वाजता येते. ती शहाऐंशीची आहे आणि चार वर्षांपासून तिला दिसत नाही. ती आली की आधी कोट काढत नाही, आधी तो डबा हातात घेते, झाकणाचा पोचा अंगठ्यानं चाचपते, आणि मग म्हणते, पोचले घरी. पोचा लहानपणी त्या दोघींनीच पाडलेला.

"मग मला कशाला दिला त्यांनी हा डबा?" चैतालीनं विचारलं.

"म्हणाल्या, त्या मुलीनं तिच्या आईचं नाव कोरलेला डबा मला दिला होता. मी साध्या डब्यात कसं देऊ?"

तेवीस तारीख. आमच्याकडे दुपारचे अडीच, तिकडे सकाळचे दहा. चैतालीची गाडी अकरा चौदाची. ती फ्रँकफुर्टला, तिथून संध्याकाळी पाचचं विमान. घरातून पावणेअकराला निघायलाच हवं. आमच्या बाजूला फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा, समोर वहिनी, बाजूला रजिस्टर घेऊन शेखर, मागे मी. फोनमध्ये चैताली, बंद सुटकेस, आणि मांडीवर लाल डबा.

"गाडी निघालीय पार्सलची," शेखर म्हणाला. "सकाळी आठ सतरा."

"आत्ता कुठंय?"

"ते दाखवत नाही."

"मग काय दाखवतं ते?"

"निघालीय असं दाखवतं."

सव्वादहा झाले. चैताली खिडकीतून रस्ता बघून आली. पार्सलची एक पिवळी गाडी आली, थांबली, शेखरनं रजिस्टर उघडलं, आणि ती समोरच्या घरी काहीतरी देऊन निघून गेली. दहा पंचवीस. वहिनींच्या हातातली लसणाची पाकळी सोलून संपली होती तरी त्या सोलत होत्या.

"मम्मी, बारा वाजता त्यांची बहीण येणार आहे," चैताली म्हणाली.

"कोण बहीण?"

तेव्हा तिनं सगळं सांगितलं. पोचा, अंगठा, कोट न काढणं, सगळं. आदल्या संध्याकाळी का नाही बोललीस, असं कुणीच विचारलं नाही. शेवटी ती म्हणाली, "त्यांनी त्यांच्या घरातली सगळ्यात मोठी वस्तू दिली होती, मम्मी. आपल्याला वाटलं, बाईला रीत नाही."

उज्वलावहिनींना मी पंचवीस वर्षं ओळखतो. हातातलं काम बाजूला सारताना त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. शेखरनं सवयीनं घड्याळ बघितलं आणि लिहायला पेन उचलून तसंच धरलं.

दहा एकतीस. दहा बत्तीस.

"तांदूळ आहेत का?" वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"आपले. घोटीचे. उरलेत का?"

"मूठभर असतील. बरणीच्या तळाला. मी टाकणार होते..."

"टाकायचे नाहीत! घाल त्यात. माझ्या बापाच्या शेतातले आहेत, कोणत्या अनारशापेक्षा कमी नाहीत. घाल आणि पळ खाली. आणि चैतू, हसत जाऊ नकोस. आधी माफी माग."

फोन हातातच होता, म्हणून आम्हीही जिना उतरलो. छप्पर, कठडा, छप्पर, चैतालीचा बूट. घंटा वाजली. दार उघडल्याचा आवाज आला.

फोन सावरला तेव्हा लिंडनरबाई दिसल्या. पांढरे केस, सणाचा निळा पोशाख, चेहरा जिन्यातल्या सूचनेसारखा. त्यांनी आधी दोन्ही हातांनी डबा घेतला. अंगठा पोच्यावर गेला. डोळे मिटले. मग डबा हलला आणि आत काहीतरी खुळखुळलं. त्यांनी झाकण काढलं आणि मूठभर तांदळाकडे बघत राहिल्या.

चैताली जर्मन भाषेत भराभर बोलत होती. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं, पण प्रत्येक शब्द कळत होता. हे माफीचं. हे आईचं. हे घोटीचं. हे पार्सलचं, कारण हात कस्टमच्या दिशेनं गेले. मग तिनं रिकामा तळवा दाखवून मान जोरानं हलवली, म्हणजे हा कायदा.

बाई काहीतरी थोडंसं बोलल्या.

"काय म्हणाल्या?" वहिनी ओरडल्या.

"म्हणाल्या, आणि मी तुझ्या आईचा डबा रिकामा पाठवला."

"नाही नाही, त्यांना म्हणावं, कार्ड होतं ना आत! फार सुंदर कार्ड होतं!"

"आता म्हणतात, तो डबा दे. आत्ता."

दहा बेचाळीस. 'उ. शे. गायखे' सुटकेसच्या तळाशी, दोन वर्षांच्या संसाराखाली. चैतालीनं वरून सुटकेस ओढत आणली आणि पहिल्या मजल्याच्या पायरीवर ती उघडली गेली. स्वेटर, पदवीचे कागद, मोजे, कागदी चांदण्या, भाजलेले बदाम, सगळं जिन्यात. "पावणेअकरा झाले!" शेखर फोनवर म्हणाला, जणू बॉयलर फुटतोय. लिंडनरबाई डबा घेऊन आत गेल्या. तीन मिनिटं गेली. चार गेली. एक्क्याऐंशीच्या बाईला घाई कर म्हणणार कोण? त्या आल्या तेव्हा डबा इतका भरला होता की झाकण त्यांनी लाल फितीनं बांधलं होतं. मग दोघींनी मिळून सुटकेस बंद केली. चैताली झाकणावर बसली, आणि बाईंनी चेन ओढली.

अकरा चौदाची गाडी अर्थातच गेली. बारा चौदाची मिळाली. त्यानंतरचे साडेतीन तास शेखरनं रजिस्टरमध्ये काही लिहिलं नाही, नुसत्या रेघा मारल्या. विमानाचा काउंटर चारला बंद होणार होता. चैताली तीन बावन्नला तिथं पोचली, धापा टाकत, एक मोजा सुटकेसच्या फटीतून बाहेर लोंबत. काउंटरवरच्या माणसानं मोज्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि बॅग घेतली.

ती गाडीत असतानाच दोन गोष्टी घडल्या होत्या. बारा पंचवीसला शेखरचा फोन वाजला: पार्सल पोचलं, घेणाऱ्याची सही, लिंडनर. आणि त्यानंतर थोड्या वेळानं चैतालीला एक फोटो आला, तिनं तो आम्हाला पाठवला. टेबलाशी एक म्हातारी बाई, अजून कोटातच, मांडीवर लाल डबा, अंगठा बरोबर पोच्यावर. टेबलावर मेणबत्त्या, वहिनींचे तिन्ही डबे झाकणं काढून मांडलेले, आणि मध्यभागी काचेच्या वाटीत मूठभर तांदूळ. वहिनींनी तो फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि म्हणाल्या, "एक अनारसा खाल्लेला दिसतोय." मग पदर डोळ्यांना लावून ओट्याकडे वळल्या.

चोवीसला चैताली घरी आली. फीत सुटली, वसाहतीत घरटी दोन चांदण्या आणि एक चंद्रकोर गेली, आणि पुढचे आठ दिवस त्या सगळ्या घरांतून काहीबाही भरून डबे परत येत राहिले.

पण वहिनींचे तीन डबे तिकडे राहिले ते राहिलेच. जानेवारी संपता संपता येनाहून एक पार्सल निघालं. ते सध्या मुंबईला कस्टममध्ये अडकलंय. फॉर्मवर लिंडनरबाईंनी सुबक अक्षरांत लिहिलंय: 'स्टीलचे डबे ३. भरलेले.' कशानं भरलेले, असं तिथून विचारणा झाली आहे. शेखरनं नवीन रजिस्टर काढलं आहे आणि दर तासाला 'हालचाल नाही' असं लिहितो. काल मी वहिनींना म्हटलं, "काळजी वाटते का हो?"

"कशाची काळजी?" वहिनी म्हणाल्या. "रिकामे नाहीत ना? मग येतील सावकाश."